पाण्यांत उभी राहिलेली गाडी

कामाधंद्यासाठीं मुंबईस जावयाचें आणि रात्रीच्या गाडीनें परत यावयाचें, ही कोल्हापूर-मिरजेकडील माणसांची जुनी रीत आहे. व्यापाऱ्यास पेढीवरचा हिशेब उरकावयाचा असतो, कोणास मंत्रालयांत अडलेला कागद पुढें सरकवावयाचा असतो. आणि उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्यें कोल्हापुरांत बसूं लागेपर्यंत वकील-पक्षकारांसही मुंबईवांचून गत्यंतर नव्हतें. दिवसभर काम, रात्रीं गाडींत झोंप आणि सकाळीं घरचा चहा! महालक्ष्मी एक्सप्रेस ही त्यामुळें त्या मुलखांत घरच्यासारखी गाडी होऊन बसली आहे. तिच्यावर २६ जुलै २०१९ च्या रात्रीं जो प्रसंग ओढवला, त्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

गाडी रात्रीं मुंबईहून सुटली. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ मागें टाकून ती बदलापुराच्या पुढें आली आणि वांगणीस पोंचण्यापूर्वीं चामटोली गांवाजवळ जी थांबली, ती थांबलीच. हा लोहमार्ग १८५६ सालचा. खोपोलीकडे जातांना तो उल्हास नदीच्या खोऱ्यांतून नेलेला आहे. सह्याद्रींत राजमाचीच्या बाजूस उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणकडे जाते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची जी वसाहत झाली, तिला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें तें याच नदीवरून. नांवांत आनंद आहे खरा. परंतु डोंगरांत दिवसभर पाऊस कोसळला कीं तें सगळें पाणी घेऊन ती सपाटीवर येते आणि पात्र सोडून पसरते. त्या रात्रीं असेंच झालें.

पाणी रुळांवर चढलें. विजेच्या एंजिनाचीं चाकें फिरविणाऱ्या मोटारी खालीं आंसालगत असतात. त्यांत पाणी शिरलें कीं एंजिन निकामी. शिवाय प्रवाहाच्या ओढीनें रुळांखालची खडी निघून जाऊं लागली, तर वरून शाबूत दिसणारा रूळही ओझें पेलील याची शाश्वति नसते. म्हणजे पुढें जाणें नाहीं आणि मागें येणेंही नाहीं.

संस्कृत रसशास्त्रानें त्रास आणि भय हे दोन निराळे भाव मानिले आहेत. वीज कडाडली आणि अंग दचकलें, तो त्रास. तो क्षणाचा पाहुणा. मागचा-पुढचा विचार करतां करतां जें मनांत घर करतें तें भय, आणि भयानक रसाचा स्थायिभाव तेंच. (मराठींत आपण त्रास हा शब्द डांस चावण्यापर्यंत खालीं आणला आहे, तें असो.) त्या डब्यांतील प्रकार निःसंशय भयाचा होता. गाडी घसरली नव्हती, कोठें आदळली नव्हती. केवळ उभी होती. पाणी आणखी किती चढेल, एवढाच प्रश्न. आणि त्याचें उत्तर अंधारांत कोणापाशींच नाहीं.

अशा वेळीं मनुष्याची पहिली बुद्धि उतरून चालूं लागण्याची. कोणीं उतरूं नये, गाडीच सर्वांत सुरक्षित आहे, अशी विनंति रेल्वेनें प्रवाशांस केली. ती ऐकावयास सोपी, पाळावयास महाकठीण. पण अगदीं बरोबर होती. पाण्याखालीं शेत कोठें आणि नाला कोठें, हें कळत नाहीं. गुडघाभर वाहतें पाणी धडधाकट गड्याचे पाय उचलतें. उलट गाडीचा एक डबा सुमारें ४० टनांचा. आमच्या मतें त्या रात्रींचें खरें धैर्य तें हेंच, स्वस्थ बसून राहण्याचें. आणि लहान मूल मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईकडे तर त्याचा मोठा वांटा जातो.

एवढा पाऊस पडत असतां गाडी बदलापुरापुढें सोडावयास नको होती, हेंही आम्हांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें. फलाटावर अडलेली गाडी लोकांच्या शिव्या खाते. पण तेथें निवारा असतो, चहाची किटली असते. २६ जुलै या तारखेनेंच २००५ सालीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला होता, आणि बदलापूरही त्या वेळीं पाण्यांत गेलें होतें. चौदा वर्षांत एवढा धडा पाठ व्हावयास हरकत नव्हती.

उजाडलें तेव्हां चोहोंकडे पाणी आणि मध्यें गाडी. बातमी घरोघर दूरदर्शन-संचांवर झळकली. आंत माणसें किती? कोणी ७०० सांगे, कोणी २०००. ज्यांचा मुलगा किंवा यजमान त्या गाडीनें यावयाचा होता, त्यांच्या घरीं त्या सकाळीं चूल कशी पेटली असेल, हें वाचकांनींच ताडावें. पुढें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान रबरी होड्या घेऊन आले, नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आलें. आसपासच्या गांवांतील लोकही मदतीस धांवले. प्रवाशांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. दुपारीं तीनच्या सुमारास गाडी रिकामी झाली. एकंदर १०५० माणसें, आणि जीव एकाचाही गेला नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरचीं माणसें आषाढ-श्रावणांत रात्रीच्या गाडीनें निघतात, त्यांच्या पिशवींत दोन दिवस टिकतील अशा दशम्या, गूळ-शेंगदाणे, पाणी, रोजचें औषध आणि एक बॅटरी अवश्य असूं द्यावी. घरचे दूरध्वनि-क्रमांक कागदावर लिहून द्यावे. आजकाल ते कोणासच मुखोद्गत नसतात, आणि खिशांतील यंत्र नेमकें अशाच वेळीं डोळे मिटतें. म्हातारीं माणसें असा डबा बांधूं लागलीं कीं तरुण हंसतात. हंसोत बापडे.

सुटलेल्या प्रवाशांसाठीं कल्याणहून कोल्हापूरला खास गाडी सोडण्यांत आली. त्यानंतर पंधरवडाही लोटला नाहीं तोंच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत, पंचगंगा कोल्हापुरांत शिरली, महामार्ग पाण्याखालीं जाऊन कित्येक दिवस बंद पडला, आणि या वेळीं होड्या कोल्हापूरच्या रस्त्यांवरून फिरूं लागल्या.