हात लावून पाहण्याची किंमत

चिपळूणला अब्बांचं हार्डवेअरचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, चार रंधे हातात धरून बघायचं, पात्याबद्दल अब्बांकडून सगळं समजून घ्यायचं आणि 'येतो' म्हणून निघून जायचं. संध्याकाळी तोच रंधा समोरच्या दुकानातून घेऊन जाताना दिसायचं, दोन रुपये कमी पडले म्हणून. अब्बा काही बोलत नसत. राग मला यायचा. पन्नाशीनंतर इथे अमेरिकेत मला लेथवर लाकूड कातायचा नाद लागला, तेव्हा मी अगदी तेच केलं.

वुडटर्नर्सची इथली राष्ट्रीय संघटना १९८६ सालची. तिचं संमेलन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं. मी पहिल्यांदा गेलो ते २०१५ला, पिट्सबर्गला. दीड-दीड तासाची प्रात्यक्षिकं चालतात, कारागिराचा हात मोठ्या पडद्यावर दिसतो. एका दालनात कुठल्याही सभासदाला आपलं काम आणून ठेवता येतं. माझा जाड बुडाचा वाडगा एका नामांकित माणसाच्या कागदासारख्या पातळ भांड्याशेजारी दोन दिवस बसला होता. पण मी खरा रमलो तो विक्रेत्यांच्या दालनात.

गाऊज, म्हणजे कातकामाची पन्हळीदार पटाशी, चित्रावरून कळत नाही. पन्हळ किती खोल, दांडा किती लांब, वजन पुढे आहे की मुठीत, हे हातालाच समजतं. एका छोट्या अवजारकाराने मला चालू लेथवर उभं केलं, माझं कोपर अंगाशी दाबलं आणि म्हणाला, पातं आधी लाकडावर टेकव, मग कापू दे. ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या निघाल्या. अर्धा तास त्याने माझ्यावर घालवला. मी त्याचं कार्ड घेतलं, आणि रात्री हॉटेलवर फोनवरून तशीच गाऊज दुसऱ्या कंपनीची, बारा डॉलर स्वस्त, मागवली.

राष्ट्रीय संमेलनातलं दालन अजून भरलेलं असतं. हाल झालेत ते लहान प्रदर्शनांचे. आमच्या शहरात हिवाळ्यात येणाऱ्या प्रदर्शनात दरवर्षी टेबलं कमी होत गेली. शेवटी अवजारांपेक्षा पाठ चोळायची यंत्रंच जास्त. विक्रेत्यांना दोष देणं सोपं आहे. पण ३०० किलोहून जड लेथ ट्रकमधून न्यायचा, जागेचं भाडं, हॉटेल, चार दिवस कारखाना बंद, आणि समोर माझ्यासारखं गिऱ्हाईक! हिशेब कसा जुळावा?

२०२० साली संमेलन पडद्यावर झालं आणि तेव्हापासून घरबसल्या शिकणं रूढ झालं. त्याला माझा विरोध नाही. म्हाताऱ्यांना, दूर राहणाऱ्यांना ती मोठी सोय आहे, मीही बघतो. फक्त माझं कोपर पडद्यातून कुणी दाबत नाही.

संमेलनं भरवणाऱ्यांनी छोट्या अवजारकारांना टेबल फुकट द्यावं असं माझं मत आहे. तो तिथे शिकवतोच. प्रात्यक्षिक करणाऱ्याला मानधन मिळतं, याच्याकडून उलट भाडं घेतात. प्रवेशफी त्यासाठी थोडी वाढली तरी चालेल. आणि जिथे हाताळलं तिथेच घ्यावं. घासाघीस जरूर करावी, आपल्या रक्तातच आहे ती.

२०१९ला रॅलेच्या संमेलनात मी त्या माणसाचं टेबल शोधत दोन फेऱ्या मारल्या. नव्हतं. कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे. बारा डॉलर वाचवून घेतलेली गाऊजही आहे, दांडा मात्र मला थोडा आखूड पडतो.