हे कशावरून कळले?

'शास्त्रज्ञांनी नवा शोध लावला' अशी बातमी तुम्ही नेहमी वाचता. वाचताच मनात येते, 'याचा उपयोग काय?' प्रश्न चांगला आहे. पण माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : 'हे कशावरून कळले?'

एक उदाहरण घेऊ. शांत तळ्यात खडा टाकला की तरंग उठतात. विश्वात मोठी उलथापालथ झाली की अवकाशातही असेच तरंग उठतात, असे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताच्या आधारे सांगितले. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. पुढे स्वतः आइन्स्टाइन यांनाच त्यांच्याविषयी शंका आली. तरीही शोध थांबला नाही.

अमेरिकेत सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर 'लायगो' नावाची दोन यंत्रे उभारली गेली. प्रत्येक यंत्राला काटकोनात दोन भुजा असून प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब आहे. लेसरचे किरण टोकाच्या आरशांवरून परत येतात. लहर आली की एक भुजा किंचित लांबते व दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही लहान असतो! १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन्ही यंत्रांनी तो टिपला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. त्यांची लहर आपल्यापर्यंत पोहोचली होती. या शोधात पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील शास्त्रज्ञांचाही वाटा होता.

एवढा मोठा शोध! पण शास्त्रज्ञांनी लगेच डांगोरा पिटला नाही. पाच महिने त्यांनी सारे पुन्हापुन्हा तपासले आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर केले. याआधी २०१० साली काही मोजक्या सहकाऱ्यांनी यंत्रात मुद्दाम खोटी लहर घातली होती. इतरांनी कित्येक महिने तिचा अभ्यास केला. नंतर त्यांना खरे सांगण्यात आले. अशी परीक्षा होऊ शकते, हे सर्वांना ठाऊक होते. कधी होईल, हे मात्र ठाऊक नव्हते.

२०१४ साली दुसऱ्या एका गटाने विश्वाच्या आरंभीच्या लहरींची खूण सापडल्याचे सांगितले होते. पुढे कळले, की तो आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा परिणाम होता. त्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर पुन्हा तपासणी केली आणि चूक मान्य केली. कोणी म्हणेल, 'मग विज्ञानावर विश्वास का ठेवावा?' मी म्हणतो, म्हणूनच ठेवावा. जो आपली चूक स्वतः शोधतो, त्याच्या शब्दाला वजन असते.

मित्रांनो, ही सवय केवळ प्रयोगशाळेसाठी नाही. गावात अफवा उठते. माणसे घाबरतात, कधी शेजाऱ्याशी वैर धरतात. अशा वेळी एकाने जरी शांतपणे 'हे कशावरून कळले?' असे विचारले, तरी मोठा अनर्थ टळू शकतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ असेच लायगो यंत्र उभारण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. उद्या तेथे तुमच्यापैकीही कोणी काम करील. त्याची तयारी मात्र आजच सुरू होते. वर्गात हात वर करा आणि विचारा.