पाण्याचा हिशेब कोणीं करावा?

विहीर आटली कीं आमचे लोक पंचांगांत नक्षत्राचें वाहन पाहतात, देवाला नारळ फोडतात. नारळाची एक कवड भटजीच्या पदरांत पडते, म्हणजे त्याचा हिशेब जमला! बोअर मारणारा पंचांग पाहत नाहीं. तो आणखी शंभर फूट खालीं जातो आणि शेजारच्या गरिबाच्या विहिरीचा झरा तुटतो.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें मागणी केली होती कीं, खेड्यांतील शाळांत शेतकीचें प्राथमिक ज्ञान द्यावें. पुढल्याच वर्षीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना, सरकारी शिपायांकडून ताली-बंधारे घालवून पावसाचें पाणी शेतांत मुरवावें, असें त्यांनीं सुचविलें. बंधारे थोडेबहुत झाले. मोजण्याची विद्या मात्र आमच्या घरीं आली नाहीं.

वास्तविक ती अवघड नाहीं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी. ५०० मिलिमीटरांत २० लक्ष लिटर. हा गुणाकार शाळेंतलें पोर करील. त्यांतलें वाहिलें किती, मुरलें किती, याचा अंदाज घेण्यास पर्जन्यमापक आणि विहिरींत सोडावयाची गांठींची दोरी पुरे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव पावसाचा आंकडा पाहूनच पिकें ठरवितें. शेतीसाठीं बोअर घेण्यास तेथें बंदी आहे.

परंतु हिशेब झाला कीं वांटणी आली, आणि तेथेंच पोटांत दुखूं लागतें. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा: पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, माणसांच्या मानानें वांटावयाचें. डोई अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. ऊंस बंद. ज्याला जमीन नाहीं त्याचाही पाण्यावर हक्क! असा हक्क हातीं असला म्हणजे मजूर वांट्यानें शेत करूं शकतो, आणि मालकापुढें त्याची मान खालीं राहत नाहीं.

बागायतदार म्हणतील, विहीर माझी, पाणीही माझें. आमचा त्यांस सवाल आहे: विहिरींतला झरा तुमच्या बांधावर थांबतो काय? आज ऊंसावर पाणी सोडून बसलेले पुष्कळ जण आमच्याच जातींचे आहेत. भटशाहीवर आसूड ओढणाऱ्यानें स्वतःच्या मोटारीकडेही पाहावें.

या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक शाळेंत पर्जन्यमापक बसवा. रोजचा आंकडा मुलांनीं चावडीच्या फळ्यावर लिहावा. रब्बीचीं पिकें ठरवितांना तो फळा ग्रामसभेंत आणा, आणि कुंभार, लोहार, मजूर यांना त्या सभेंत पुढें बसवा.