कण्हेर कोणी लावली?

मैत्रिणींनो, माझी गाभण शेळी रस्त्याकडेची कण्हेर खाऊन मेली. घरात एकच प्रश्न : "तुझं लक्ष कुठं होतं?"

कण्हेर हृदय बंद पाडते, घाणेरी यकृत नासवते, पाण्याविना सुकलेली कोवळी ज्वारी विषारी होते, हे आम्ही बाया जाणतो. पण सिन्नरला मुसळगाव-माळेगावात कारखाने आले, चराईचे माळ आटले. रस्त्याला कण्हेर लावतात, कारण जनावर तिला तोंड लावत नाही म्हणे! भुकेलं जनावर लावतं.

सिन्नरच्या बायांनी सावित्रीबाई फुलेंच्या नावाने शेळीपालक कंपनी उभी केली. तरी गावोगाव शेळी राखते बाई, विम्याच्या कागदावर नाव नवऱ्याचं.

दोष आमच्या माथी का? गायरान द्या, कण्हेर उपटा, विमा आमच्या नावे करा!