जुळी वासरं झाली तर खरवस नको

माझे एक मत आहे. गाईला जुळी वासरं झाली तर तिचा चीक शेजाऱ्यांनी मागू नये आणि घरच्यांनीही खरवस करू नये. हे वाचून पुष्कळ जण माझ्यावर रागावतील. खरवस मलाही आवडतो. गूळ-वेलदोडा घातलेला असला तर अर्धी थाळी मी एकटीच संपवते. पण मत ते मत.

गाईला बहुतेक वेळा एकच वासरू होते. आपल्या देशी गाईला जुळी क्वचितच होतात. म्हशीला तर फारच कमी. काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन गाईला मात्र शंभर वेतांत तीन-चार वेळा होतात. आपल्या जिल्ह्यात उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ संस्था काढली. तिने संकरित गाई गावोगावी पोचवल्या. आता आपल्या वस्तीवर गोठ्यागोठ्यात तशा गाई आहेत, म्हणून जुळ्यांचे आपल्याला माहीत पाहिजे.

आजी म्हणते, जुळी म्हणजे लक्ष्मी दोनदा आली. वरच्या आळीतले म्हणतात, अपशकुन. मला दोन्ही पटत नाही. वासरांना शकुन कळत नाही, भूक कळते. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले की, वासरू पोटात असताना त्याला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती चिकातूनच मिळते. पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. एक दिवस उलटला की वासराच्या पोटाला ती ताकद घेता येत नाही, मग बादलीभर पाजला तरी काय उपयोग? वासराला पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक लागतो. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. दोघांना पाच लिटर! त्यात जुळी वासरं लहान आणि अशक्त असतात. सड चार असले तरी दांडगं वासरू सगळे चोखून टाकतं आणि दुबळं उभंच राहतं. म्हणून दुबळ्याला आधी लावावे. अशा वेळी तांब्या घेऊन दारात जाणे मला बरे वाटत नाही.

गाईचेही हाल होतात. जुळ्यांनंतर वार अडकण्याची भीती जास्त असते. काही जण वारेला दगड बांधतात. तसे मुळीच करू नये, १९६२ नंबरला फोन करून डॉक्टरांना बोलवावे.

आता दुसरी गोष्ट, ही मोठ्या माणसांनी वाचावी. जुळ्यांत एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल तर ती कालवड बहुतेक करून गाभण राहत नाही. दहांतल्या नऊ तरी वांझ निघतात. इंग्लंडमध्ये जॉन हंटर नावाच्या डॉक्टरांनी १७७९ सालीच अशा कालवडींविषयी लिहिले होते. कारण १९१६ साली अमेरिकेतल्या फ्रँक लिली यांनी नीट सांगितले. पोटात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याच्या अंगातला रस कालवडीच्या रक्तात जातो. त्यात तिचा काही दोष नाही. दोन्ही कालवडी असल्या तर काही बिघडत नाही.

माझ्या मामाने बाजारातून एक देखणी कालवड आणली. विकणाऱ्याने जुळ्याची आहे हे सांगितलेच नाही. मामाने तीन वर्षे वैरण घातली, मामी उन्हात डोक्यावरून घास आणायची. ती माजावर आलीच नाही. शेवटी दुसऱ्या कुणाकडून कळले की तिच्या पाठीला गोऱ्हा होता. मामाने त्या वर्षी गाभडीच्या दुधावर शाळेची फी भरायची ठरवले होते. ते राहिलेच. विकणारा खोटे बोलला नाही, गप्प बसला. पण मला ते खोट्यासारखेच वाटते.

पुण्यात औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात देशी गाईंचे संशोधन केंद्र आहे. पुणे इतके जवळ आहे, तरी आमच्याकडे कालवड दात आणि रंग बघून घेतात. प्रत्येक गावच्या दूध डेअरीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावावी : कालवड घेताना पाठीला गोऱ्हा होता का, हे विचारा. आणि विकणाऱ्याने न विचारता सांगावे. शंका असली तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

एकच वासरू झाले, तर ते पोटभर प्यायल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस जरूर करा. डबा मधल्या सुट्टीत आणा. मी तिसऱ्या रांगेत बसते.

— इयत्ता ४ थी