ओळखपत्राचा फोटो आणि बुडालेली मजुरी



आपल्यापैकी अनेकींच्या घरी दुकान आहे, मिल आहे, नाहीतर पेढी आहे. तिथे कधीतरी "सगळ्या स्टाफचे फोटो काढायचे आहेत" असं निघतं आणि घरातली पुरुषमंडळी फोटोग्राफरला फोन करून मोकळी होतात. माझं स्पष्ट मत आहे, हे काम आपण हातात घ्यावं. लग्नकार्यात दोनशे माणसांचं जेवण वेळेवर उठवणाऱ्या आपण, सव्वीस माणसांचे फोटो काय जड आहेत?

आमच्या एकोडीच्या राइस मिलवर पहिल्यांदा ओळखपत्रं करायची ठरली, तेव्हा मुलाने साकोलीहून फोटोग्राफर बोलावला. वेळ दिली सकाळी अकराची. तेवढ्यात धानाचा ट्रक आला. आधी ऑफिसातल्यांचे फोटो झाले, मग ऑपरेटरचे. हमाल रांगेत ताटकळले. कोंडा भरणाऱ्या, झाडझूड करणाऱ्या बायांचा नंबर लागला तेव्हा पाच वाजून गेले होते. केसांवर, भुवयांवर कोंड्याचा थर, चेहरा थकलेला. ती कार्डं त्यांनी कधी गळ्यात घातलीच नाहीत.

पण मला खरं लागलं ते एका हमालाचं बोलणं. "काकू, एका फोटोपायी माजी वीस पोती गेली." मी कॉमर्सची पदवीधर, घरातले हिशेब चाळीस वर्षं लिहिते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं! मुनीमजींचा पगार महिन्याचा, ते तासभर उभे राहिले तरी त्यांचं काही जात नाही. हमालाची मजुरी पोत्यामागे. रांगेतला प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जातो. कार्ड आपल्याला हवं, मग त्या वेळेचे पैसे आपण द्यायचे की त्याने?

पुढच्या वेळी मी हजेरीपट घेऊन बसले. माणशी चार मिनिटं धरली तर सव्वीस जणांना १०४ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास. ते एकदम नकोत. सहा-सहाच्या टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीला तिची वेळ आदल्या दिवशीच सांगितली. सकाळी आठला, अंगाला कोंडा लागायच्या आधी, पहिल्या टोळीत बाया आणि दुसरीत हमाल. ऑफिसवाले शेवटी, ते पंख्याखाली बसलेले असतात. हमालांना त्या वेळेची ठरावीक रक्कम दिली. मुलगा म्हणाला, "आई, फोटोचे कोणी पैसे देतं का?" मी म्हटलं, फोटोचे नाही, वेळेचे.

पर्युषणाचे दिवस मात्र मी मुद्दाम टाळले. उपवासाने उतरलेला चेहरा पाच वर्षं कार्डावर कशाला?

जागा निवडली उत्तरेकडच्या ओसरीची, तिथे ऊन थेट येत नाही. स्टूल भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ठेवलं की मागे सावली पडत नाही. भिंत पांढरी, म्हणून पांढरा सदरा नको असं आधीच कळवलं. चष्मा चमकला तर हनुवटी किंचित खाली. शेजारी आरसा, कंगवा, सेफ्टी पिना, पाण्याची बादली आणि टॉवेल. आमच्याकडे एकाच नावाच्या दोन बाया आहेत, पहिल्या वेळी त्यांची कार्डं उलटसुलट झाली होती. म्हणून आता पाटीवर हजेरीपटातला नंबर लिहून त्याचा एक फोटो आधी, मग माणसाचा. नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच उतरवायचं.

फोटोग्राफरला दोन गोष्टी बजावल्या. पदर डोक्यावर असेल तर तो काढायला सांगायचा नाही, चेहरा पूर्ण दिसला की झालं. १८९२ साली हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता आणि तो एका बाईच्या हाती दिला होता. त्या काळी एवढा विचार झाला, मग आज आपल्याला पदराचं काय अवघड? दुसरी गोष्ट, चेहरा गोरा करायचा नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचा रंग पुसला तर कार्डावरचा माणूस वेगळाच दिसतो.

आणि फोटो काढल्यावर तो त्या माणसाला दाखवायचा. आवडला नाही तर दुसरा. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटोची हजेरी लागू लागली, त्यामुळे आमच्या बायांना वाटायचं की फोटो म्हणजे पाळतच. त्यातली एक वयस्कर बाई स्क्रीनवर स्वतःला बघून बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "काकू, याची मोठी कापी भेटंल का?" घरात तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. आम्ही सर्वांना एकेक मोठी प्रत दिली.

ते फोटो मुलाला मिलच्या जाहिरातीत टाकायचे होते. मी नको म्हटलं. कार्डासाठी दिलेला चेहरा कार्डापुरताच, जाहिरातीसाठी प्रत्येकाला वेगळं विचार. त्याने विचारलं. नऊ जण हो म्हणाले, बाकीच्यांनी नाही सांगितलं, आणि त्या नाही म्हणणाऱ्यांत आमचे मुनीमजीही होते.