लाटेवरची सहल आणि पाण्यावरचा हक्क

परदेशची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे टूर कंपनीची बस, गळ्यात अडकवलेले ओळखपत्र आणि आठ दिवसांत पाच शहरे उभी राहतात. तरुण पिढीने आता वेगळीच तऱ्हा काढली आहे. पाठीवर एक पिशवी, मच्छीमाराच्या घरातली भाड्याची खोली आणि पहाटे फळी घेऊन थेट लाटेवर. यंदा हा विषय आमच्याही घरात निघाला. नागपुरात नोकरीला लागलेल्या पुतण्याने श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला जाण्याचा हिशेब वहीत मांडून आणला. पारशिवनी हे पेंच नदीच्या काठचे गाव. समुद्र इथून शेकडो कोस दूर. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे खूळ वाटले. मी मात्र ती वही वाचली, आणि तिच्यात मला चंगळीपेक्षा अर्थकारण अधिक दिसले.

श्रीलंकाच का, याचे उत्तर मोसमी वाऱ्यांत आहे. आपल्या हिवाळ्यात त्या बेटाचा नैर्ऋत्य किनारा, म्हणजे हिक्कडुवा आणि वेलिगामा, शिकाऊ माणसाला साथ देतो. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की तो किनारा खवळतो आणि पूर्वेकडचा अरुगम बे हंगामात येतो. पोत्तुविल गावाशेजारच्या या उपसागरात येणारी लाट तिथे जन्मत नाही. हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत ती उठते आणि या किनाऱ्यावर येऊन फुटते. लाटेला तिकीट नाही. खर्च येतो तो तिच्यापर्यंत पोहोचण्याचा.

हा खर्च अलीकडे आटोक्यात आला आहे. नागपूरहून चेन्नई रेल्वेने सुमारे 1,100 किलोमीटर. तिथून पुढे विमान नको असेल तर नागपट्टणमहून जाफनाजवळच्या कांकेसंतुराईला जाणारी बोट 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, मध्यंतरी थांबली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा निघाली. फेब्रुवारी 2024 पासून आपले यूपीआय श्रीलंकेतल्या दुकानांतही चालू लागले. सरकारने ऑक्टोबर 2023 मध्ये 7 लाखांवरच्या परदेशी पॅकेजवर 20 टक्के टीसीएस लावला, पुढे तो नियम सैल केला. स्वतःच तिकीट काढून, स्वतःच खोली शोधून फिरणाऱ्याला पॅकेजवरच्या या कराची झळ लागतच नाही. मध्यमवर्गीय घरातला मुलगा लाटेचे स्वप्न पाहू लागला, त्यामागे हे सगळे आहे.

परंतु या स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. मार्च 2022 च्या आरंभी एका डॉलरला सुमारे 200 श्रीलंकन रुपये पडत. मे महिन्यात तो भाव 360 च्या घरात गेला. देशाने एप्रिलमध्ये परकीय कर्ज फेडणे थांबवले, पेट्रोलपंपांवर मैलभर रांगा लागल्या आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना देश सोडून पळावे लागले. पाहुण्याला खोली स्वस्त पडली, कारण यजमानाच्या घामाची किंमत घसरली होती. म्हणून अशा गावात शेवटच्या रुपयासाठी घासाघीस करणे मला शोभेचे वाटत नाही.

तरीही अरुगम बेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. 2004 च्या त्सुनामीने तो किनारा धुऊन नेला. यादवी युद्ध 2009 मध्ये संपले, त्यानंतरच पूर्व किनाऱ्याला खरी उसंत मिळाली. 2018 साली तिथे मुलींचा स्वतंत्र सर्फ क्लब निघाला. फळ्या भाड्याने देणारे, रिक्षा चालवणारे, खोल्या देणारे पुष्कळसे त्याच गावचे. ऑक्टोबर 2024 मध्ये हल्ल्याच्या शक्यतेमुळे अमेरिकी दूतावासाने तिथे जाऊ नये असा इशारा दिला होता. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने साऱ्या देशात हाहाकार उडवला. पर्यटनावर जगणारे गाव असे एका बातमीने उपाशी राहू शकते, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडेही असे घडू शकते. चेन्नईजवळच्या कोवलम गावात मच्छीमारांची मुलेच सर्फिंगचे शिक्षक झाली. ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली आणि रमेश बुदिहाळने भारताला कांस्यपदक मिळवून दिले. आपल्या मालवण-तारकर्लीत कोळ्यांच्या घरातली न्याहारी-निवासाची सोय पर्यटकांना ठाऊक आहे. तेव्हा पहिला धडा परदेशातच गिरवला पाहिजे असे नाही.

पालकांनी पैशांआधी विचारावे ते सुरक्षेविषयी. नदीत पोहणाऱ्याला समुद्र येतो, हा समज घातक आहे. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडला गेली आणि 14 विद्यार्थी बुडाले. किनाऱ्यावर आलेले पाणी कधीकधी अरुंद पट्ट्यातून जोराने मागे फिरते आणि माणसाला आत ओढते. त्याच्याविरुद्ध हात मारत बसले की दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मगच किनारा गाठावा. पुतण्याला मी दोनच अटी घातल्या: आधी शिक्षक, मग फळी, आणि अपघातही धरणारा प्रवास विमा.

हे सारे लिहिताना माझे लक्ष पुन्हापुन्हा आमच्याच पाण्याकडे जाते. पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीचे धरण आहे, नागपूरकर त्याचे पाणी पितात. त्याच्यावर तोतलाडोहचा अफाट जलाशय. तोतलाडोहवर मासे धरून जगणारी कुटुंबे होती. मध्य प्रदेशाने तिकडच्या विस्थापित आदिवासींना दिलेल्या 305 मासेमारी परवान्यांच्या वादाचा निकाल 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायालयाने जंगलाच्या रक्षणासाठी अटी घातल्या, पण या लोकांच्या पोटाचाही विचार केला. 1999 मध्ये महाराष्ट्राकडचे पेंच व्याघ्र प्रकल्प झाले. आज तोतलाडोहात जाळे टाकणे गुन्हा आहे.

वाघ राखलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा म्हणजे उघडा किनारा नव्हे, हेही मान्य. पण ज्यांना पाण्याचा वारा, खोली, वळण पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्यांच्या हाती त्या पाण्याचा कोणताच धंदा उरू नये, हे शहाणपणाचे नाही. कोलितमाऱ्याला पर्यटकांसाठी नौकाविहार होतो. नियमांत राहून अशी कामे वाढवता येतील. नाव गावच्या माणसाची, जीवरक्षक गावचा, मुक्काम गावच्या घरात, एवढे केले तरी पर्यटकाचा पैसा फाटकातून परत न जाता गावात मुरेल. अरुगम बेला निसर्गाने लाट दिली, पण खोल्यांचा आणि फळ्यांचा धंदा तिथल्या लोकांनी उभा केला. आपल्याला निसर्गाने नदी आणि जंगल दिले आहे. त्याच्या काठावरच्या माणसाला वाटा द्यायचा की नाही, एवढेच आपण ठरवायचे आहे.